खराट्याची बांधणी आणि पायाची आवळणी



आजचं बोलणं ऐकता ऐकता एक काम करा. घरातला खराटा हातात घ्या आणि कानाजवळ धरून दोन-चार वेळा हलवा. खुळखुळ असा आवाज आला, तर तो आतून सैल झालाय असं समजा. आता मुठीपाशी एक हीर चिमटीत धरा आणि खालच्या टोकाकडे ओढा. सहज निघून आला का? मग बाकीचेही असेच एकेक करून अंगणात पडणार.

असा खराटा झिजून संपत नाही, तो सुटून संपतो. हीर अजून चांगले असतात, त्यांची टोकंही झिजलेली नसतात, पण मूठ सैल झाली की सगळंच वाया जातं. म्हणून आज आम्ही झाडण्याबद्दल नाही, बांधण्याबद्दल बोलणार आहोत. जुडी घट्ट आवळून धरणारं एक साधं साधन आमच्या गटाने करून घेतलं. आम्ही त्याला आवळणी म्हणतो. ती कशी चालते, कशी करून घ्यायची, कुठे चुकतं आणि ती करायची वेळ आमच्यावर का आली, हे सगळं सांगतो.

परत आलेले खराटे

आम्ही कोकणातल्या. आमच्याकडे माड आहेत, त्यामुळे हीर विकत आणावे लागत नाहीत. माडाची जुनी झावळी, म्हणजे आमचं चुडत, साधारण महिन्याला एक याप्रमाणे गळतं. एका माडाची वर्षाला बारा-तेरा चुडतं मिळतात. एका चुडताला दोन्ही बाजू मिळून २०० ते २५० पाती असतात आणि प्रत्येक पात्याच्या मधोमध एक हीर. पातं दोन्ही बाजूंनी कोयतीने तासलं की हीर हातात येतो. लोक म्हणतात, फुकटचा माल आहे. पण एका चुडतामागे दोनशे वेळा कोयती चालवावी लागते, ते कोणी मोजत नाही.

एका वर्षी गणपतीच्या आधी आम्हाला तालुक्याच्या बाजारातल्या एका दुकानदाराने मोठी मागणी दिली. वेळ कमी होता. श्रावणातले दिवस, पाऊस थांबत नव्हता. आम्ही रात्री जागून हीर काढले, चुलीच्या वरच्या माळ्यावर जमेल तसे सुकवले आणि खराटे बांधून दिले. पैसेही मिळाले. मग नवरात्र झालं, ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि दुकानदाराने चाळीस खराटे परत आणून टाकले. म्हणाला, "गिऱ्हाईक मला बोल लावतात. दिवाळीचा माल मी दुसरीकडून घेतो." त्याचं चुकलं नव्हतं. प्रत्येक खराटा हातात घेतला की खुळखुळत होता.

त्या आठवड्याच्या बैठकीत बोलणं निघालं, कोणाच्या हातचे हे? आमच्यात एक काकी आहेत, साठीच्या पुढच्या. त्यांची बोटं सांध्यांत सुजलेली असतात. कोणी नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या नजरा तिकडे गेल्या. एक जण म्हणालीच, "ज्यांच्या हातात जोर नाही त्यांनी बांधायला बसू नये." काकी काही बोलल्या नाहीत. पुढच्या दोन बैठकींना आल्या नाहीत.

मग एका दुपारी आम्ही ते चाळीस खराटे सोडवून हीर पुन्हा वापरायचं ठरवलं आणि काकींना घरी जाऊन घेऊन आलो. त्यांनी पहिला खराटा हातात घेतला, तारेचा पीळ बघितला आणि म्हणाल्या, "हो पीळ माजो न्हय. माजो डावो असता." तेव्हा आमच्या लक्षात आलं. काकी डावऱ्या आहेत. त्या पक्कड उलट्या बाजूने फिरवतात, म्हणून त्यांच्या तारेचा पीळ डावीकडे वळलेला असतो. आम्ही चाळीसही खराटे तपासले. डाव्या पिळाचे फक्त दोन निघाले. बाकीचे अडतीस आमचे, जोर असलेल्या हातांचे.

आम्ही काकींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफी नको, पण खराटा सुटला का ते शोधा. त्या शोधातून पुढचं सगळं आलं.

खराटा सुटतो का

पहिलं कारण ओल. ताजा हीर पाणी धरून असतो. तो सुकला की बारीक होतो. एक हीर थोडासाच बारीक होतो, पण जुडीत शेकडो हीर असतात. हिशेब करून बघा. जुडीची जाडी ५ सेंटिमीटर असेल तर तिचा घेर साधारण साडेपंधरा सेंटिमीटर होतो. सुकून जाडी अर्ध्या सेंटिमीटरने कमी झाली, तर घेर दीड सेंटिमीटरने कमी होतो. तार मात्र तेवढीच राहते. म्हणजे तारेच्या एका वेढ्यात दीड सेंटिमीटरची ढील. आमचे खराटे श्रावणात ओले बांधले गेले आणि ऑक्टोबरच्या उन्हात सुकले. त्यात कोणा एकीचा हात दोषी नव्हता.

दुसरं कारण हिरांची दिशा. हीर बुडाशी जाड आणि टोकाकडे बारीक असतो. सगळी जाड बुडं मुठीकडे असली तर झाडताना खाली ओढ बसली तरी जाड भाग तारेत अडकतो. पण घाईत एखादा हीर उलटा गेला, तर त्याचा बारीक भाग तारेखाली येतो आणि तो सहज निसटतो. एक निसटला की जागा रिकामी होते आणि शेजारचे सैल पडतात. सुटलेल्या खराट्यांत असे उलटे हीर आम्हाला पुष्कळ सापडले.

तिसरं कारण हे की हाताने ओढून हवा तेवढा ताण बसतच नाही. आपण तार जुडीभोवती फिरवतो, टोक तळहाताला गुंडाळतो आणि ओढतो. तार तळहातात रुतते. जितकं घट्ट ओढू तितकं दुखतं, म्हणून हात आपोआप थांबतो. शिवाय आपण एकाच तारेकडून दोन कामं करून घेत असतो. जुडी आवळायचीही तिनेच आणि धरून ठेवायचीही तिनेच.

इथेच आम्हाला वाट सापडली. आवळायचं काम एकाने करावं, धरून ठेवायचं काम दुसऱ्याने. आवळणीने जुडी दाबून धरायची, तेवढ्यात तारेने बांधून घ्यायचं आणि मग आवळणी सोडायची. दबलेली जुडी पुन्हा फुगू बघते आणि तारेला आतून रेटते. तो रेटा म्हणजेच घट्टपणा.

आवळणी कशी केली

बसायला लागतो तसा गुडघ्याएवढा उंच, जाड फळीचा एक मजबूत बाक घ्या. फळीवर वीतभर अंतर ठेवून दोन लाकडी ठोकळे ठोका. दोन्ही ठोकळ्यांना वरून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडा. जुडी या दोन खाचांत आडवी बसते आणि मधली वीतभर जागा मोकळी राहते. आवळणं आणि बांधणं याच जागेत होतं.

आता दोर. ४ मिलिमीटर जाडीचा पोलादी तारेचा दोर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याचं एक टोक फळीच्या मागच्या कडेला नटबोल्टने पक्कं करा. दोर मोकळ्या जागेत जुडीभोवती एक पूर्ण वेढा घेईल आणि दुसरं टोक फळीला पाडलेल्या भोकातून खाली जाईल. भोकात लोखंडी पाइपचा छोटा तुकडा बसवा, नाहीतर दोर लाकूड कापत जातो. खालच्या टोकाला हातभर साखळी जोडा.

खाली पेडल. शिलाई मशीनला असतं तसं, पण जाड लाकडाचं. साधारण ५० सेंटिमीटरची पट्टी घ्या आणि तिचं मागचं टोक बिजागरीने बाकाच्या पायांमध्ये ठोकलेल्या आडव्या लाकडाला जोडा. बिजागरीपासून १५ सेंटिमीटरवर एक आकडा लावा. साखळी या आकड्यात अडकवायची. पाय ठेवायचा ४५ सेंटिमीटरवर, म्हणजे तिप्पट अंतरावर.

या तिप्पट अंतरातच सगळी ताकद आहे. पहारेने दगड उचलताना आपण दगडापासून लांब धरतो, तेच इथे. ५० किलो वजनाच्या बाईने पेडलवर पूर्ण भार दिला, तर दोरावर दीडशे किलोच्या जवळपास ओढ बसते. घर्षणात थोडी कमी होते, तरी हाताने एवढं ओढणं कोणालाच शक्य नाही. बदल्यात पाय तिप्पट खाली जातो. दोर ३ सेंटिमीटर ओढायचा असेल तर पाय ९ सेंटिमीटर खाली न्यावा लागतो. म्हणून साखळी लावली आहे. आधी ढील हाताने ओढून घ्यायची, साखळीची जवळची कडी आकड्यात अडकवायची आणि मगच पाय ठेवायचा. नाहीतर पेडल जमिनीला टेकतं आणि जुडी सैलच राहते.

पहिल्या झटक्यात आमचं जमलं नाही. आधी आम्ही नायलॉनची दोरी लावली. ती स्वतःच ताणली जायची आणि जुडी तशीच राहायची. मग सायकलच्या ब्रेकची केबल लावली. आठवड्याभरात तिचे तंतू तुटून बोटांना टोचायला लागले. एवढ्या ओढीला ती केबल पुरी पडत नाही, आणि बारीक असल्यामुळे हिरांत रुततेही. तिसरी चूक म्हणजे पेडल बाकाला न जोडता वेगळ्या पाटीवर ठोकलं होतं. पाय दिला की ती पाटीच मागून उचलली जायची. पेडल आणि बाक एकाच सांगाड्यात हवेत, हे तेव्हा कळलं.

आमच्या आवळणीचं लाकूडकाम गावच्या सुताराने केलं. बिजागरी, साखळी, दोर, दोराची टोकं धरणाऱ्या यू आकाराच्या क्लिपा, सगळं तालुक्याच्या दुकानात मिळतं. यात वीज लागत नाही. बिघडली तर गावातच दुरुस्त होते. आमच्यासाठी ही गोष्ट पैशाएवढीच महत्त्वाची होती.

बांधायची कशी

आधी हीर पूर्ण सुकलेले हवेत. सुकलेला हीर वाकवला की लवतो आणि हात काढताच सरळ होतो. ओला हीर वाकलेलाच राहतो. पावसाळ्यात काढलेले हीर आम्ही आता लगेच बांधत नाही, साठवून ठेवतो आणि ऊन पडल्यावर वाळवून मगच बांधतो. गणपतीची मागणी असेल तर तिचे हीर मे महिन्यातच काढून ठेवतो.

मग जुडी करा. सगळी बुडं एका बाजूला घ्या आणि जुडी जमिनीवर आपटून बुडखा समान करा. उलटा हीर दिसला तर काढून सुलटा लावा.

जुडी खाचांत ठेवा. दोराचा वेढा द्या, ढील काढा, साखळी अडकवा. आता पाय हळूहळू दाबा. धसका देऊ नका. कट्कट् असा आवाज आला तर हीर मोडताहेत, तिथे थांबा. आवळलेल्या जुडीतला हीर चिमटीने ओढून हलला नाही की पुरे.

पाय तसाच ठेवून दोरापासून दोन बोटं अंतरावर बांधणीची तार गुंडाळा. एक वेढा पुरत नाही, तीन द्या. गुराचं दावं खुंट्याला नुसतं अडकवलं तर गाठीवर सगळी ओढ येते. दोन-तीन वेढे दिले तर बैलाने ओढलं तरी गाठीपर्यंत फार थोडी ओढ पोचते. तारेचंही तसंच आहे. वेढे भार घेतात आणि पीळ शाबूत राहतो. दोन्ही टोकं पक्कडीत धरून आधी आपल्याकडे ओढा आणि ओढत ओढतच पिळा. पीळ चार-पाच पुरे. जास्त पिळली तर तार तिथेच तुटते. उरलेलं टोक कापा, पीळ जुडीवर आडवा करून हातोडीने ठोका, म्हणजे झाडणाऱ्या बाईच्या हाताला टोचणार नाही. मग पाय सोडा.

असे दोन पट्टे हवेत, एक बुडख्यापासून चार बोटांवर आणि दुसरा त्याच्या खाली आणखी चार बोटांवर. एकाच पट्ट्यावर जुडी बिजागरीसारखी फिरत राहते, दोन असले की फिरत नाही. शेवटी बांबूची टोकदार पाचर बुडख्याच्या मधोमध ठोकून बसवा. ही आपल्याकडची जुनीच युक्ती आहे. पुढे खराटा पुन्हा सैल वाटला तर गिऱ्हाइकाने पाचर दगडाने थोडी आत ठोकावी, खराटा पुन्हा घट्ट होतो. आम्ही विकताना हे सांगूनच देतो.

तार कोणती घ्यावी

बांधकामावर सळया बांधायला जी काळी तार वापरतात ती मऊ असते, कारण ती तापवून हळूहळू थंड केलेली असते. ती पटकन पिळली जाते, पण आमच्या खाऱ्या हवेत लवकर गंजते. जस्ताचा मुलामा दिलेली, म्हणजे जीआय तार, थोडी ताठ असते पण पुष्कळ टिकते. आम्ही जीआयच वापरतो.

दुकानात तार नंबरावर मिळते. लक्षात ठेवा, नंबर वाढला की तार बारीक होते. १८ नंबरची तार १.२ मिलिमीटर जाड असते आणि २० नंबरची ०.९ मिलिमीटर. घरच्या खराट्याला २० नंबर पुरते. रस्ता, गोठा किंवा खळं झाडायच्या मोठ्या खराट्याला १८ नंबर घ्या.

खर्चाचा हिशेब असा मांडा. साडेपंधरा सेंटिमीटर घेराला तीन वेढे आणि पिळायला लागणारी टोकं धरून एका पट्ट्याला ६० सेंटिमीटर तार लागते, दोन पट्ट्यांना १२० सेंटिमीटर. २० नंबरची तार एका किलोत साधारण १९० मीटर बसते. म्हणजे एका किलोत दीडशेच्या वर खराटे होतात. तुमच्या बाजारातला किलोचा भाव दीडशेने भागा, की एका खराट्यामागे तारेचा खर्च कळेल. तो इतका थोडा निघेल की तार वाचवण्यासाठी एक वेढा कमी करणं किती महाग पडतं, हे लगेच दिसेल.

हात जपा

जोर पायावर गेला म्हणून धोका संपला असं नाही. पेडल दाबलेलं असताना बोटं दोर आणि जुडीच्या मध्ये घालू नका. तार कापताना दोन्ही बाजू हाताने किंवा पायाखाली धरा, कारण कापलेलं टोक उडून डोळ्यात जाऊ शकतं. तारेचे तुकडे डब्यात टाका, अंगणात नको. तिथे पोरं अनवाणी फिरतात आणि गुरंही तोंड लावतात. गंजकी तार टोचली तर जखम साबणपाण्याने धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करा. दोराचे तंतू तुटलेले दिसले तर त्याच दिवशी दोर बदला.

काम करताना दर थोड्या वेळाने पाय बदला. पेडल दोन्ही पायांनी दाबता येईल एवढं रुंद ठेवा. बसण्याची जागा अशी हवी की कंबर वाकवावी लागणार नाही.

सगळ्याच झाडूंना आवळणी नको

शिंदीच्या पानांची केरसुणी, जिची आपण लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहून पूजा करतो, ती तारेची नाही. तिची बांधणी म्हणजे पानांची वीण असते. पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजातल्या कारागिरांनी ही विद्या सांभाळली आहे. केरसुण्या आणि दोर दोन्ही त्यांच्या हातचे. त्या मुठीत पानंच एकमेकांना धरून ठेवतात. आम्ही एका केरसुणीची मूठ उकलून बघितली तेव्हा वाटलं, घट्ट बांधणं म्हणजे काय हे आपण बाजारात विचारायला गेलो आणि उत्तर देवघराच्या कोपऱ्यात होतं. तुमच्या गावात केरसुणी विणणाऱ्या बाया असतील तर त्यांच्याशी भाव करताना हे ध्यानात ठेवा. तिथे पैसे पानांचे नसतात, विणीचे असतात.

डोंगराळ भागातल्या गवताच्या तुऱ्यांचा फूलझाडू मात्र तारेने किंवा पट्टीने बांधतात आणि मुठीवर प्लास्टिकची नळी चढवतात. त्याचे तुरे नाजूक असतात. त्याला आवळणी लावलीत तर दाब फक्त देठांवर द्या आणि कमी द्या.

पायाने जुडी आवळायची कल्पना जगाला नवी नाही. अमेरिकेत १७९७ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हॅडली गावच्या लेव्ही डिकिन्सन नावाच्या शेतकऱ्याने एका खास ज्वारीच्या कणसांच्या काड्यांचा झाडू केला. हो, आपल्या ज्वारीच्याच जातीचं पीक. तिथेही आधी हाताने बांधायचे, पुढे पायाने चालणारी साधनं आली. शेकर नावाच्या पंथाच्या लोकांनी झाडू शेगड्यासारख्या चिमट्यात दाबून चपटा करून शिवायला सुरुवात केली. आज दुकानात मिळणारा चपटा झाडू त्याच वाटेने आला. आमची आवळणी याच जातीची, फक्त आमच्या अंगणाच्या मापाची.

भाव कोणी ठरवायचा

आवळणी आल्यावर गटात एक नवा प्रश्न उभा राहिला. आधी प्रत्येकीला खराट्यांच्या नगावर पैसे मिळायचे. आता बांधणं पटकन होऊ लागलं, पण हीर काढायला लागणारा वेळ तेवढाच राहिला. मग पैसे नुसत्या बांधणाऱ्या बाईला जास्त का जावेत? आम्ही दोन बैठकी यावरच घालवल्या. शेवटी कामाचे तीन भाग केले: हीर काढणं, वाळवून निवडणं आणि बांधणं. प्रत्येक कामाला किती तास लागतात ते आठ दिवस वहीत लिहिलं आणि त्या तासांच्या प्रमाणात पैसे वाटले. तुमच्या गटात प्रमाण वेगळं निघेल. पण लिहून काढल्याशिवाय ते कळत नाही आणि न लिहिता वाटलं की मनात राहतं.

दुसरा निर्णय चिठ्ठीचा. कोणी तरी सुचवलं, प्रत्येकीने आपल्या खराट्यावर नाव लिहावं, म्हणजे खराब निघाला तर कळेल. काकी म्हणाल्या, नाव लिहू नका, तारीख लिहा. त्यांचं बरोबर होतं. चाळीस खराटे सुटले ते कोणाच्या नावामुळे नाही, श्रावणातल्या ओलीमुळे. म्हणून आता आमच्या प्रत्येक गठ्ठ्यावर बांधल्याची तारीख असते. बांधल्यावर गठ्ठा पंधरा दिवस सावलीत ठेवतो, मग प्रत्येक खराटा कानाशी हलवतो आणि पाच हीर ओढून बघतो. एकही निघाला तर तो खराटा पुन्हा आवळणीवर जातो. तपासायचं काम पाळीपाळीने सगळ्यांकडे असतं, म्हणजे कोणाकडे बोट दाखवायची वेळ येत नाही.

दुकानदार परत आला का? लगेच नाही. पुढच्या वर्षी आम्ही त्याला दहा खराटे नेऊन दिले आणि म्हटलं, पैसे आता देऊ नका, दिवाळीला द्या. दहाही टिकले. मग त्याने मागणी दिली. भावात थोडी वाढ मागितली तेव्हा तो जरा कुरकुरला. आम्ही त्याच्या हातात खराटा दिला आणि म्हटलं, एक हीर काढून दाखवा. त्याने ओढला, निघाला नाही. भाव ठरला.

काकी आज बांधायच्या बाकावर असतात. तळहाताला तार गुंडाळावी लागत नाही. पाय पेडलवर, हातात फक्त पक्कड. त्यांचा पीळ अजून डावाच आहे. तालुक्याच्या बाजारात आमचा खराटा घेतलात तर तारेचा पीळ बघा. डावीकडे वळलेला असेल तर तो काकींच्या हातचा.

तर मैत्रिणींनो, आवळणी करायचीच असं नाही. पण पुढचा खराटा बांधायच्या आधी तीन गोष्टी बघा: हीर सुकलेत का, बुडं एका बाजूला आहेत का, आणि वेढे तीन आहेत का. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल. आणि गटात माल परत आला तर माणूस शोधायच्या आधी कारण शोधा.